पिशवीचा कॅन्सर गाठींत कुठल्या वाटेने जातो, आणि पाचच गाठी काढल्या तर चालतं का

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६२ वर्षांची, शुगर आहे, वजन जास्त, पाळी जाऊन अकरा वर्षं झाली आणि मग परत अंगावरून लाल जायला लागलं. तपासलं तर गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, एंडोमेट्रिऑइड म्हणजे नेहमी दिसणारा प्रकार, ग्रेड २ म्हणजे पेशी मध्यम बिघडलेल्या. दुर्बिणीने ऑपरेशन झालं, पिशवी, दोन्ही ट्यूब, दोन्ही ओव्हरी आणि 'सेंटिनल नोड', म्हणजे कॅन्सर जिथे सगळ्यात आधी पोचेल त्या गाठी, म्हणून उजवीकडच्या दोन आणि डावीकडच्या तीन अशा पाच गाठी काढल्या. रिपोर्टात कॅन्सर स्नायूच्या निम्म्याच्या आतच आहे, वाहिन्यांमध्ये शिरलेला नाही, पण उजवीकडच्या एका गाठीत 'आयसोलेटेड ट्यूमर सेल्स', म्हणजे सुट्या कॅन्सरपेशी, लिहिलंय. मामांच्या ओळखीचे एक सर्जन म्हणाले की पाच गाठींनी काय होतंय, पंचवीस-तीस तरी काढायला हव्या होत्या आणि वर एओर्टापर्यंत, म्हणजे पोटातल्या मुख्य धमनीपर्यंत, जायला पाहिजे होतं. आता मुलगी विचारतेय, ऑपरेशन अर्धवट झालं का, आणि वरच्या गाठींत कॅन्सर गेलेला असेल का.

ताई, मी गेली वीस वर्षं हीच ऑपरेशनं करतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी भाषेचा एक घोटाळा. आपण मराठीत ट्यूमरला पण गाठ म्हणतो आणि लिम्फ नोडला पण गाठच म्हणतो, त्यामुळे 'पाच गाठी काढल्या' हे ऐकलं की अर्ध्या नातेवाइकांना वाटतं आईच्या पोटात कॅन्सरच्या पाच गाठी होत्या. तसं नाहीये. लिम्फ नोड सगळ्यांच्या अंगात असतात, तुमच्याही आणि माझ्याही. लहानपणी पायाला काटा लागून पिकला की जांघेत दुखरी गोळी यायची आणि आजी म्हणायची अवधाण आलंय, ती गोळी म्हणजे लिम्फ नोड. पायातलं पाणी, जंतू, कचरा सगळं बारीक नळ्यांतून वर येतं आणि जांघेतल्या गाठीत गाळलं जातं, म्हणून काटा अंगठ्यात आणि अवधाण जांघेत. शरीराच्या प्रत्येक भागाचं असं ठरलेलं आहे, कुठलं पाणी कुठल्या गाठीत जाणार ते. कॅन्सरच्या पेशी पण त्याच नळ्यांतून जातात, त्यांना वेगळा रस्ता नसतो. म्हणून पिशवीचं पाणी कुठे वाहतं ते एकदा कळलं की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आता पिशवीची गंमत अशी की तिचं पाणी एका बाजूला वाहत नाही. खालचा भाग आणि पिशवीचं तोंड यांचं पाणी बाजूला, ओटीपोटाच्या भिंतीकडे जातं. वरचा भाग, ज्याला आम्ही फंडस म्हणतो, त्याचं बरंचसं पाणी त्याच खालच्या वाटेने जातं पण थोडं ओव्हरीच्या रक्तवाहिन्यांबरोबर थेट वर, किडनीच्या पातळीपर्यंत जातं. हे ऐकायला विचित्र वाटतं, ओटीपोटातल्या अवयवाचा किडनीशी काय संबंध? संबंध गर्भातला आहे. ओव्हरी तयार होते तीच मुळात किडनीच्या शेजारी, पाठीच्या कण्यापाशी, आणि मग बाळ वाढताना ती खाली ओटीपोटात उतरते. उतरताना आपली रक्तवाहिनी आणि लिम्फच्या नळ्या सोबत ओढत आणते, लग्न होऊन गाव बदललं तरी माहेरचा रस्ता तुटत नाही तसं. त्यामुळे आजही डाव्या ओव्हरीची शीर डाव्या किडनीच्या शिरेत जाऊन मिळते आणि उजवीची थेट मोठ्या शिरेत, म्हणजे व्हीना कावात. फंडस ओव्हरीला चिकटून, म्हणून त्यालाही ही माहेरची वाट मिळते.

स्वीडनमधल्या लुंड इथल्या पर्सन आणि गेपर्ट यांच्या टीमने हिरवा डाय सोडून या वाटा नीट दाखवल्या आणि नावं दिली. दोन वाटा पिशवीच्या तोंडाच्या बाजूने निघतात. वरची वाट युरेटरच्या, म्हणजे किडनीतून येणाऱ्या लघवीच्या नळीच्या, वरून, नाळेच्या जुन्या बंद झालेल्या धमनीला ओलांडून ओटीपोटाच्या भिंतीवरच्या एक्स्टर्नल इलियाक आणि ऑब्ट्युरेटर गाठींकडे जाते, हा हमरस्ता, बहुतेक पहिल्या गाठी इथेच सापडतात. खालची वाट मागच्या बाजूने माकडहाडाच्या वरच्या हाडासमोर, सेक्रमपाशी जाते, ही गल्ली, वापर कमी पण असतो, आणि जो सर्जन तिकडे बघतच नाही त्याला ती गाठ कधी सापडतच नाही. तिसरी वाट ती ओव्हरीची, वर एओर्टाकडे. आणि एक चौथी पायवाट आहे, राउंड लिगामेंटमधून, म्हणजे पिशवीला जांघेशी बांधणाऱ्या दोरीतून, जांघेत जाणारी, पण वीस वर्षांत मी या कॅन्सरमध्ये जांघेची गाठ मोजून काही वेळाच बघितली, त्यामुळे आईला जांघेत अवधाण आलं तर आधी पायाच्या चिखल्या बघा.

अजून एक गोष्ट जी लोक विसरतात. पिशवी शरीराच्या बरोबर मध्यावर आहे, त्यामुळे पाणी दोन्हीकडे जातं. ब्रेस्टमध्ये उजवीकडचा कॅन्सर उजव्या काखेत, तो हिशोब इथे चालत नाही. उजवी बाजू स्वच्छ असली म्हणून डावी स्वच्छ असेल असं नाही, दोन्ही बाजूंची परीक्षा वेगळी, पास-नापास वेगळं. तुमच्या आईच्या रिपोर्टात दोन्ही बाजूंच्या गाठी आहेत हे मी सगळ्यात आधी बघितलं, पाच हा आकडा नंतर.

आता आकडे. या विषयात सगळे ज्याचा दाखला देतात तो अमेरिकेतला गायनॅकॉलॉजिक ऑन्कॉलॉजी ग्रुपचा अभ्यास, क्रीसमन आणि मंडळींनी १९८७ मध्ये छापलेला. ६२१ बायका, सगळ्यांचा कॅन्सर बाहेरून तपासून पिशवीपुरताच वाटत होता, आणि सगळ्यांच्या गाठी काढून बघितल्या. ७० जणींच्या गाठींत कॅन्सर सापडला. त्यातल्या ३६ जणींना फक्त ओटीपोटातल्या गाठींत, २२ जणींना ओटीपोटात आणि एओर्टापाशी दोन्हीकडे, आणि १२ जणींना फक्त एओर्टापाशी, खाली काहीच नाही. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, ६२१ मध्ये १२, म्हणजे शंभरात दोन. मामांचे डॉक्टर ज्या भीतीबद्दल बोलतायत ती खरी आहे, पण तिचं माप एवढं आहे.

त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट दिसली आणि ती आजही रोज उपयोगी पडते. गाठीत जाण्याची शक्यता दोन गोष्टींवर चढत जाते, ग्रेड किती आणि स्नायूत किती खोल. ग्रेड १ आणि कॅन्सर अस्तरातच, तर गाठीत कोणाच्याही नाही, शून्य. ग्रेड ३ आणि स्नायूच्या बाहेरच्या तिसऱ्या भागापर्यंत खोल, तर ओटीपोटातल्या गाठींत ३४ टक्के आणि एओर्टापाशी २३ टक्के. ग्रेड २ आणि आतल्या तिसऱ्या भागात, म्हणजे तुमच्या आईच्या जवळपासचा गट, तिथे ओटीपोटात ५ आणि एओर्टापाशी ४ टक्के. आणि हो, ज्यांच्या गाठींत कॅन्सर होता त्यातल्या दहा टक्क्यांहून कमी जणींच्या गाठी हाताला मोठ्या लागल्या. बाकीच्या दिसायला अगदी साध्या, म्हणून सीटी-एमआरआयमध्ये 'गाठी नॉर्मल' लिहून आलं तरी आम्ही निवांत होत नाही, मशीन साइज बघतं, आणि चार मिलिमीटरच्या गाठीत दोन मिलिमीटरचा कॅन्सर असेल तर मशीनला तो दिसणार कसा.

मग मेयो क्लिनिकच्या मारियानी यांनी २००८ मध्ये जरा जास्त धोक्याच्या बायकांमध्ये एओर्टाच्या गाठी पार किडनीच्या शिरेपर्यंत व्यवस्थित काढून बघितल्या, नुसतं चार ठिकाणी चाचपून नाही. तिथे ज्यांच्या गाठींत कॅन्सर होता त्यातल्या ५१ टक्के जणींना दोन्हीकडे होता, ३३ टक्क्यांना फक्त खाली आणि १६ टक्क्यांना फक्त वर. आणि ज्यांना एओर्टापाशी होता त्यातल्या ७७ टक्के जणींमध्ये तो इन्फीरियर मेसेंटेरिक धमनीच्या वर होता. ही धमनी म्हणजे एओर्टामधून डावीकडच्या आतड्याला जाणारी फांदी, बरेच सर्जन तिथपर्यंत जाऊन थांबायचे कारण तिच्या वर जाणं त्रासाचं, आतडं बाजूला धरा, किडनीची शीर शोधा, आणि पेशंट जाड असेल तर बघायलाच नको. म्हणजे अर्ध्यावर थांबून 'एओर्टाच्या गाठी काढल्या' असं लिहिणाऱ्यांचा हिशोबच चुकत होता. माहेरची वाट आठवा, ती मधल्या गावांत थांबतच नाही, थेट किडनीपाशी उतरते, म्हणून खालच्या एओर्टाच्या गाठी कोऱ्या आणि वरच्या भरलेल्या असं होऊ शकतं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग मामांचे डॉक्टर बरोबरच बोलतायत की, सगळं काढायला हवं होतं. आमच्या पिढीला शिकवलंच तसं होतं, १९८८ पासून या कॅन्सरची स्टेज ऑपरेशन करून गाठी तपासूनच ठरवायची असा नियम झाला आणि मग जितक्या जास्त गाठी तितका सर्जन भारी असं एक वातावरण तयार झालं. कॉन्फरन्समध्ये लोक गाठींचे आकडे असे सांगायचे जसे काही पेरूच्या बागेतली तोडणी सांगतायत. मीही सांगितलेत, कशाला खोटं बोलू.

पण नंतर नीट चिठ्ठ्या टाकून दोन मोठे अभ्यास झाले. इटलीत पॅनिची यांचा, ५१४ बायका, २००८ मध्ये छापला. अर्ध्यांच्या ओटीपोटातल्या गाठी पद्धतशीर काढल्या, अर्ध्यांच्या नाहीत. काढल्या त्या गटात मधला आकडा ३० गाठींचा, म्हणजे काम चोख होतं. गाठींत कॅन्सर पण जास्त जणींमध्ये सापडला, १३ टक्के विरुद्ध ३ टक्के. पण किती जगल्या आणि कॅन्सर परत आला का, यात फरक पडला नाही. दुसरा ॲस्टेक, १४०८ बायका, २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये, तिथेही तेच. ॲस्टेकवर लोकांनी बरीच टीका केली, की गाठी कमी काढल्या, एओर्टाकडे कोणी गेलंच नाही, पुढच्या रेडिएशनच्या पण चिठ्ठ्या टाकल्या त्यात गोंधळ झाला, आणि ती टीका बरीचशी बरोबर आहे. पण इटलीवाल्यांना कमी गाठींचा दोष देता येत नाही ना.

दुसऱ्या बाजूला जपानमधून होक्काइडोच्या तोडो यांचा अभ्यास आहे, सेपाल नावाचा, ६७१ बायका, २०१० मध्ये आला. त्यात मध्यम आणि जास्त धोक्याच्या बायकांमध्ये एओर्टापर्यंत सगळ्या गाठी काढल्या त्या जास्त जगल्या. मामांच्या डॉक्टरांच्या डोक्यात बहुधा हाच असेल. पण तो मागे वळून बघून केलेला अभ्यास आहे, एका हॉस्पिटलमध्ये एक ऑपरेशन आणि दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये दुसरं, आणि कमी धोक्याच्या बायकांमध्ये त्यांनाही काहीच फायदा दिसला नव्हता. तुमची आई त्या कमी धोक्याच्या बाजूला बसते.

माझं मत सरळ सांगते, या कॅन्सरमध्ये गाठी काढायच्या त्या मुख्यतः माहितीसाठी. कॅन्सर बाहेर पडलाय की नाही हे कळलं की किमो द्यायची की रेडिएशन, की दोन्ही, की नुसतं घरी पाठवायचं ते ठरतं. मोठ्या सुजलेल्या गाठी दिसल्या तर त्या काढायच्याच, तो वेगळा विषय. पण साध्या दिसणाऱ्या तीस गाठी उपटून काढल्याने आजार बरा होतो असा पुरावा कमी धोक्याच्या बाईसाठी नाहीये. आणि माहितीच हवी असेल तर ती पाच नीट निवडलेल्या गाठींतून मिळते का, एवढाच प्रश्न उरतो.

मिळते, आणि कशी ते सांगते कारण हे पेशंटला कोणी दाखवत नाही.

ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिल्यावर सगळ्यात आधी, पोटाला हात लावायच्या पण आधी, पिशवीच्या तोंडात इंजेक्शन देतात. आयसीजी नावाची गडद हिरवी पावडर, २५ मिलिग्रॅमची छोटी बाटली, २० मिली पाण्यात विरघळवायची, आणि घड्याळात तीन आणि नऊ वाजतात त्या दोन जागी, थोडं वरवर थोडं खोल, एकूण चार मिली. सावकाश द्यायचं, घाईत दिलं की सगळं बाहेर सांडतं आणि मग आत कॅमेरा घातला की सगळं ओटीपोट होळी खेळल्यासारखं हिरवं, कुठली नळी कुठली गाठ काही कळत नाही. मग दुर्बीण आत जाते, साध्या उजेडात काहीच वेगळं दिसत नाही, आणि एक बटण दाबून इन्फ्रारेड चालू केलं की काळ्या पडद्यावर एक हिरवी रेष उजळते, पिशवीच्या बाजूने निघून, युरेटरच्या वरून, नाळेच्या धमनीवर चढून पलीकडे उतरते आणि एका शेंगदाण्याएवढ्या चमकणाऱ्या गोळीत जाऊन थांबते. तो पहिला टोलनाका. पिशवीतून निघालेल्या पेशीला या वाटेने पुढे जायचं असेल तर आधी इथे थांबावं लागतं. त्या गाठीच्या खाली ऑब्ट्युरेटर नर्व्ह असते, पांढरीशुभ्र, चपटी, शिजलेल्या शेवईसारखी, ती सांभाळून गाठ सोडवायची आणि प्लास्टिकच्या छोट्या थैलीत घालून बाहेर काढायची, मग परत इन्फ्रारेड लावून बघायचं की हातात आलंय ते खरंच गाठ आहे. कारण काही वेळा ती नुसती चमकणारी चरबी असते, आत गाठच नसते, आणि रिपोर्टात 'नोड सापडला नाही' येतं. शिकाऊ सर्जनच्या हातून जास्त होतं पण माझ्या हातूनही झालंय.

आणि नियम असा की एखाद्या बाजूला रेष दिसलीच नाही तर परत इंजेक्शन द्यायचं, तरी नाही दिसली तर त्या बाजूच्या सगळ्या गाठी जुन्या पद्धतीने काढायच्या. हा न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलचा नियम, २०१२ मध्ये त्यांनी मांडला, आणि आता जगभर हाच धरतात. यातला दुसरा भाग गाळून नुसता पहिला भाग करणारे लोक आहेत, म्हणून सांगते, रिपोर्ट वाचताना बघायची गोष्ट ती.

भरवसा किती? फायर्स नावाचा अभ्यास २०१७ मध्ये आला, अमेरिकेतला, ३४० बायकांमध्ये आधी सेंटिनल काढली आणि मग तुलना करायला बाकीच्या गाठी पण काढल्या. ज्यांची सेंटिनल सापडली आणि गाठींत कॅन्सर होता अशा ३६ जणींपैकी ३५ जणींमध्ये सेंटिनलने तो बरोबर पकडला, एक सुटली. सेंटिनल स्वच्छ आली तर बाकी गाठी पण स्वच्छ असण्याची खात्री ९९.६ टक्के. त्यातली कमजोरी पण सांगते, दोन्ही बाजूंना सेंटिनल फक्त ५२ टक्के जणींमध्ये सापडली होती, तेव्हा हात बसायचा होता. तुमच्या आईच्या दोन्ही बाजूंना सापडली म्हणजे तुमच्या सर्जनने काम नीट केलंय.

पण पिशवीच्या तोंडात इंजेक्शन दिल्याने माहेरची वाट, ती एओर्टाची, कमी उजळते हे खरं आहे. काही लोक म्हणून फंडसमध्ये इंजेक्शन देतात, मला ते पटत नाही, रोज करण्यासारखं नाही, आणि शंभरात दोन-तीन बायकांसाठी बाकी सगळ्यांची भानगड वाढते. ग्रेड ३ किंवा सिरस, क्लिअर सेल, कार्सिनोसार्कोमा असे जास्त आक्रमक प्रकार असतील तर मी एओर्टाचा विचार आजही गांभीर्याने करते. सिरस हा तर वेगळाच प्राणी आहे, स्नायूत शिरलेला नसतानाही बाहेर सापडतो, ट्यूबमधून पोटात सांडतो, त्याला खोलीचं गणित लागूच होत नाही.

आता पॅथॉलॉजीची गोष्ट, कारण तुमच्या आईचा खरा प्रश्न तिथे आहे. तीस गाठी लॅबमध्ये गेल्या की पॅथॉलॉजिस्ट प्रत्येकीचा एक काप घेऊन बघतो, त्याहून जास्त शक्यच नाही. पाच गेल्या तर त्यांचे बारीक बारीक थरांत अनेक काप करतात आणि शिवाय सायटोकेरेटिन नावाचं प्रथिन रंगवणारा डाग देतात, त्यात कॅन्सरची एकटी पेशी पण तपकिरी दिसते. याला अल्ट्रास्टेजिंग म्हणतात. सुपातले गहू एकदा पाखडणं आणि मूठभर गहू ताटात घेऊन एकेक दाणा निवडणं यात जो फरक आहे तो. साहजिकच असे बारीक खडे सापडतात जे पूर्वी कोणाला दिसलेच नसते. म्हणून मोजमाप ठरवलंय. दोन मिलिमीटरपेक्षा मोठा ठिपका तो मॅक्रो, ०.२ ते २ मिलिमीटर तो मायक्रो, आणि ०.२ पेक्षाही लहान, चार-दोन पेशी, ते आयसोलेटेड ट्यूमर सेल्स. मॅक्रो आणि मायक्रो असेल तर स्टेज ३सी होते, २०२३ च्या नव्या फिगोमध्ये, म्हणजे स्टेज ठरवायच्या जागतिक नियमांत, तर दोघांना वेगळं लिहायला सांगितलंय. आयसोलेटेड सेल्सने स्टेज बदलत नाही. रिपोर्टात एन झिरो आणि पुढे आय प्लस असं लिहितात, म्हणजे गाठी निगेटिव्ह, पण दोन पेशी दिसल्या ही नोंद. तुमच्या आईची स्टेज १ए च राहते.

या पेशींमुळे वरच्या गाठींत गेलं असेल का, हा तुमचा प्रश्न. खाली गाठ पूर्ण भरलेली असेल तर वर असण्याची शक्यता बरीच असते, वर मेयोचे आकडे दिलेच. पण तो हिशोब चार पेशींना लावायचा नसतो. ग्रेड २, खोली निम्म्याच्या आत, वाहिन्यांत नाही, दोन्ही बाजूंच्या सेंटिनलमध्ये मोठं काही नाही, अशा बाईचं पोट परत उघडून एओर्टाच्या गाठी काढा असं मी सांगणार नाही. पुढचा इलाज ठरवताना टीम पिशवीतल्या गोष्टी बघेल, नुसत्या त्या पेशी नाही. कोणी नुसतं लक्ष ठेवू म्हणेल, कोणी योनीच्या वरच्या टोकाला आतून थोडं रेडिएशन देऊ म्हणेल, दोन्ही शहाणे पर्याय आहेत. एक गोष्ट मात्र विचारून घ्या, एमएमआर आणि पी५३ च्या टेस्ट झाल्यात का, काढलेल्या कॅन्सरच्या तुकड्यावरच प्रथिनं बघून या करतात. पी५३ बिघडलेला आला तर ग्रेड २ असूनही हा कॅन्सर वेगळा वागतो आणि मग गणित पुन्हा मांडावं लागतं. एमएमआरमध्ये गडबड आली तर लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यात चालत येणारा जनुकाचा दोष, आहे का बघतात, आणि मग ती टेस्ट तुमची आणि मामांची पण होऊ शकते, कारण त्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर येतो. मामांना हे सांगा, मग ते गाठी मोजायचं बंद करतील.

आता तीस गाठी काढल्या असत्या तर काय झालं असतं तेही बघा. पायाचं पाणी त्याच गाठींतून वर जातं, त्या गेल्या की पाय सुजू शकतो, लिम्फेडीमा. सुरुवात साधी असते, संध्याकाळी एकाच पायाची चप्पल घट्ट होते, जोडवं रुततं, पैंजण काढावं लागतं. मग वर्षभराने मांडीपर्यंत. विदर्भातल्या लोकांना हत्तीपायामुळे असा पाय माहीत आहे, म्हणून त्या बायकांना गावात सगळे विचारतात हत्तीरोग झाला का, आणि त्या बाहेर पडणं बंद करतात. स्लोन केटरिंगमध्ये बायकांना स्वतःलाच विचारलं तेव्हा सगळ्या गाठी काढलेल्यांत ४१ टक्के आणि सेंटिनलवाल्यांत २७ टक्के जणींनी सुजेची तक्रार सांगितली, म्हणजे पाचमध्येही शून्य नाही, आईच्या पायाकडे लक्ष ठेवा, टाचा फुटू देऊ नका, शुगर आहे म्हणून तर जास्तच. आणि एओर्टाकडे वर जाताना व्हीना कावावर एक बारीक शीर असते, तिला सगळे 'फेलोज व्हेन' म्हणतात कारण शिकाऊ फेलोच तिला फाडतो असा विनोद आहे, फाटली की क्षणात सगळं लाल, विनोद वगैरे सुचत नाही. तुमच्या आईच्या वजनात आणि शुगरमध्ये हा सगळा धोका शंभरात दोनच्या शक्यतेसाठी घ्यायचा का, हे मामांच्या डॉक्टरांना एकदा शांतपणे विचारा. ते चुकीचे माणूस नाहीत, त्यांनी शिकलं तेव्हा आमच्याकडे हा हिरवा कॅमेरा नव्हता.

खरं सांगू, मला पाच गाठींच्या पेशंटची काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती शून्य गाठीवाल्यांची. मागच्या वर्षी एक बाई आल्या, पाळी गेल्यावर रक्तस्राव, गावाजवळच्या एका नर्सिंग होममध्ये 'पिशवी खराब झालीय' म्हणून बायोप्सी न करताच पिशवी काढली, आणि रिपोर्ट आला ग्रेड ३. आता पिशवीचं तोंडच नाही तर मी इंजेक्शन कुठे देऊ, वाटा सगळ्या कापलेल्या, सेंटिनल शोधता येत नाही, मग परत पोटात जाऊन जुन्या पद्धतीने सगळ्या गाठी काढायच्या किंवा अंदाजाने किमो-रेडिएशन द्यायचं. पाळी गेल्यावर एक डाग जरी लागला तरी आधी अस्तराचा तुकडा तपासायचा, सोनोग्राफी आणि बायोप्सी, दोन्ही जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. तुमच्या आईचं ते झालं होतं म्हणूनच पुढचं सगळं नीट जमलं.

तर आता करायचं एवढंच, पुढच्या भेटीला ऑपरेशन नोट आणि पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट, पहिल्या पानाचा फोटो नाही, पूर्ण रिपोर्ट, घेऊन जा, आणि अल्ट्रास्टेजिंग झालं का, दोन्ही बाजूंची मॅपिंग, म्हणजे हिरवी रेष दोन्हीकडे दिसली का, नोटमध्ये लिहिलीय का, पी५३ आणि एमएमआर काय आले हे विचारा. स्लाइड आणि ब्लॉक लॅबकडून मागून ठेवा, तुमचा हक्क आहे तो, परळला टाटाला किंवा दुसऱ्या कुठल्या कॅन्सर सेंटरला दुसरं मत घ्यायचं झालं तर तिथे तेच लागतात, व्हॉट्सॲपवरचे फोटो चालत नाहीत. पी५३ चं काय आलं ते इथे खाली लिहा, बिघडलेलं असेल तर मी परत उत्तर लिहीन.